फाटकापर्यंतचा आवाज

ही गोष्ट मी कुठे वाचलेली नाही. कुणाकडून ऐकलेलीही नाही.

मी तिथे होते.

दोन वर्षांपूर्वीची, उन्हाळा तोंडावर आलेला असतानाची गुरुवारची संध्याकाळ. गावाबाहेरच्या चढावरचं शेवटचं घर. घरापुढे लहानसं अंगण, अंगणाला लोखंडी फाटक. घरोघरी नुकते दिवे लागत होते. भुताखेतांची म्हणून जी वेळ सांगतात, तिला अजून पुष्कळ अवकाश होता.

आणि म्हणूनच मला आजही त्या वेळेची धास्ती वाटते. रात्री माणूस दार लावून बसतो. संध्याकाळी दार उघडंच असतं.

आधी आमच्या ह्यांच्याबद्दल सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

आमच्या ह्यांना एकच वेड. जुन्या इटालियन मोटरसायकली. त्याही मोठ्या नव्हेत, लहान, एका सिलिंडरच्या. मोरिनी, बेनेली, जिलेरा, पारिल्ला... लग्न झाल्यावर सुरुवातीला मला वाटायचं, ही ह्यांच्या कॉलेजातल्या मुलींची नावं असावीत. आमच्या जेवणाच्या टेबलाखाली एक इंजिन आहे. पाहुण्यांना पाय आखडून बसावं लागतं. माझ्या भांड्यांच्या घासणीने कार्बोरेटर घासला म्हणून मी एकदा अबोला धरला होता, तर ह्यांच्या ते ध्यानातच आलं नाही.

गोळा करणं हा अर्धा छंद. उरलेला अर्धा म्हणजे ओळखणं.

लोक लांबलांबून फोटो पाठवतात. गंजलेली टाकी, फुटका दिवा, नुसता एखादा सांगाडा. ही कुठली, कधीची, अस्सल आहे का? हे भिंग घेऊन बसतात. टाकी एकीची, चाकं दुसरीची, इंजिन तिसरीचं असं असेल तर सरळ सांगतात, "ही ठिगळाची गाडी आहे." माणसं दुखावतात. पण ह्या बाबतीत हे देवालाही खोटं सांगायचे नाहीत.

आणि आवाज. रस्त्यावरून एखादी जुनी गाडी गेली की हे डोळे मिटून नाव सांगतात. आजवर चुकलेले मी पाहिलेले नाहीत.

त्या आठवड्यात एका बाईंचा फोन आला. वय माझ्याहून थोडं कमी असावं. आवाज खालच्या पट्टीतला, सारखा मागे वळून बघत बोलल्यासारखा.

"दादा, एक गाडी ओळखायची आहे. पण तिला हलवता येत नाही. तुम्हाला यावं लागेल."

"फोटो पाठवा की."

"फोटोवरून नको. तुम्ही हात लावून सांगा. माझ्या भावाची आहे का तेवढंच सांगा."

तिच्या माहेरच्या गावाजवळ मोठा तलाव आहे. भिंतीची दुरुस्ती काढली म्हणून त्याचं पाणी सोडून दिलं होतं. तळ उघडा पडला आणि चिखलात एक मोटरसायकल सापडली. जुनी, परदेशी. नंबरची पाटी कुजून गेलेली. भिंतीच्या कामावरच्या वेल्डरने ती ओढून आपल्या शेडमध्ये आणून टाकली होती.

आणि तीसेक वर्षांपूर्वी तिचा थोरला भाऊ अशाच गाडीवरून घराबाहेर पडला होता. "तासाभरात येतो" म्हणून.

तो आला नाही.

मी म्हटलं, मीही येते. का म्हटलं, ते अजून सांगता येत नाही. एरवी ह्यांच्या भंगाराच्या फेऱ्यांना मी चार हात लांब असते.

वेल्डरच्या शेडमध्ये ती आडवी पडली होती. मला तर ती गाडी वाटलीच नाही. चिखलाचा लांबट गोळा, त्यातून कुठे कुठे गंज डोकावणारा. ती बाई दाराशीच थांबली. तिला आपण लेक म्हणू, कारण पुढे सगळं तिच्या आईचंच आहे.

हे गुडघ्यांवर बसले. कापडाने इंजिनाची बाजू पुसली. सिलिंडरच्या उजव्या अंगाला उभी नळी. मग वाकून दुसरीकडे पाहिलं. किक डावीकडे.

"ड्युकाटी," हे म्हणाले. "एकशे पंच्याहत्तर."

लेकीने पर्समधून एक फोटो काढला. त्यात एक हसरा मुलगा गाडीवर बसलेला, केस वाऱ्याने उडालेले. टाकीला दोन्ही अंगांनी हातांसाठी दाबल्यासारखे खोलगट भाग. ह्यांनी फोटो पाहिला, गाडीची टाकी चाचपली. पुन्हा फोटो पाहिला.

"मॉडेल तेच आहे."

"म्हणजे माझ्या भावाचीच?"

"तसं नाही म्हणता येणार, ताई. अशी दुसरीही असू शकते. कागद आहेत का? इंजिनाचा नंबर?"

"काही नाही. तो एका वर्कशॉपमध्ये टर्नर होता. तिथेच भंगारात पडलेली होती, त्याने स्वतः दुरुस्त केली. कागद नव्हतेच."

"मग तिची अशी काही खूण? त्याने स्वतः केलेलं काही?"

लेकीने फोटो परत पर्समध्ये ठेवला.

"ते आईला माहीत असेल. पण तिला विचारायचं कसं? तिला हे सापडल्याचं सांगितलेलंच नाही."

मग ती म्हणाली, "तुम्ही आईकडे चहाला चला. वहिनी, तुम्ही गप्पागप्पांत काढून घ्या. आणि एक सांगून ठेवते. दिवेलागणीला आई उठून फाटक उघडेल. तेव्हा काही बोलू नका. रोज उघडते. तिला वाटतं, तो येतो."

त्या काकूंना मी शिवणवाल्या काकू म्हणते. उभी हयात त्यांनी लोकांचे कपडे शिवले. पंचाहत्तरीच्या पुढच्या, अंगाने वाळक्या, पण सुईत दोरा अजून चष्म्याशिवाय ओवायच्या. व्हरांड्यातच त्यांचं शिवणयंत्र होतं. तिथून फाटक समोर दिसायचं.

लेकीने आम्ही ओळखीचे म्हणून सांगितलं. काकूंनी ह्यांच्या नखांकडे पाहिलं. नखांत तलावाचा काळा चिखल होता.

मग मला म्हणाल्या, "ये, बस माझ्याजवळ."

गप्पा सुरू झाल्या. माझ्या ब्लाउजच्या बाहीवरची शिवण त्यांना पसंत पडली नाही. "कुणी शिवलं गं हे? दात काढून बसलंय नुसतं." मी हसले. वातावरण जरा सैल झालं. लेक चहा टाकायला आत गेली होती, ती कप घेऊन आली. हे व्हरांड्याच्या पायरीवर बसले होते.

समोरच्या उतारावर एकेक दिवा लागत होता.

काकू बोलता बोलता थांबल्या.

मी पण थांबले. कारण...

खालून चढावर एक गाडी येत होती.

धप्... धप्... धप्... धप्...

लांबून. सावकाश. एकेक ठोका सुटा ऐकू यावा अशी. आणि त्या ठोक्यांवर एक बारीक घरघर, शिवणयंत्र लांब कुठेतरी चालू असावं तशी.

मला काहीच वाटलं नाही. रस्ता म्हटला की गाडी येणारच.

पण ह्यांचा चेहरा मी पाहिला. हे उजळले होते. दुसरा शब्दच नाही. कप खाली ठेवून उभे राहिले.

"एकशे पंच्याहत्तर," हे म्हणाले. "अगं, चालू आहे. इथे कुणीतरी चालवतंय."

लेक ह्यांच्याकडे बघत राहिली. "काय चालवतंय?"

"ही काय. येतेय ना वर."

"दादा, कुठे काय येतंय?"

तिला ऐकूच येत नव्हतं.

काकू उठल्या. पदर सारखा केला. अंगण ओलांडून गेल्या आणि त्यांनी फाटक सताड उघडलं.

आवाज वर आला. अगदी वर. वळण घेतल्याचं कळलं, गिअर बदलल्याचं कळलं. आता दिवा दिसेल, आता चाक दिसेल...

फाटकाशी आला आणि तुटला.

बंद झाला नाही. अर्ध्या ठोक्यात तुटला. कुणी तोंडावर हात दाबावा तसा.

हे फाटकाकडे धावले. मी त्यांच्या मागे.

रस्ता रिकामा होता.

वळणापर्यंत सगळा दिसत होता. दोन्ही बाजूंना नुसती माती, मधे डांबर. कुत्रंसुद्धा नव्हतं. फक्त जळक्या तेलाचा एक वास तरंगत होता... तोही बघता बघता गेला.

ह्यांचा हात मी धरला.

काकू रस्त्याकडे पाहत नव्हत्या. आमच्याकडे पाहत होत्या.

"तुम्हाला ऐकू आला?"

मीच म्हटलं, "हो, काकू."

त्या फाटकाला धरून खाली बसल्या आणि रडू लागल्या. हुंदक्यांचा आवाजसुद्धा नाही, नुसते खांदे हलत होते. लेक धावत आली, तिने त्यांना कवेत घेतलं.

"सगळ्यांनी मला वेडी ठरवली गं," काकू म्हणत होत्या. "माझ्या भावाने, शेजाऱ्यांनी. हिच्या बापाने तर मरेपर्यंत. रोज येतो. फाटकापर्यंत येतो. आत का येत नाही, तेवढं कुणीतरी मला सांगा."

लेकीचा चेहरा मला विसरता येत नाही. आईचं खरं होतं हे तिला आज कळत होतं, आणि तरी तिला काहीही ऐकू आलं नव्हतं. नंतर स्वयंपाकघरात कप विसळताना ती मला म्हणाली, "वहिनी, मी रोज फोन करते आईला. पण दिवेलागणीला केलेला तिला चालत नाही. फोनवर बोलत राहिली तर तो येऊन जाईल म्हणून." आणि नळाची धार तिने मोठी केली.

त्या रात्री आम्ही तिथेच राहिलो. काकूंना काही काढून घ्यावं लागलं नाही. त्यांनी स्वतःच विचारलं.

"तुमच्या नखांत तळ्याचा चिखल आहे. तळं उपसलंय ते मला माहीत आहे. काय सापडलं?"

ह्यांनी लपवलं नाही. एक गाडी सापडली आहे, तीच आहे की नाही ते सांगता येत नाही, असं म्हणाले.

काकू सांगू लागल्या.

"किक मारताना त्याचा बूट सटकायचा. लोखंड उलटं येऊन नडगीवर बसायचं. रोज नडगी काळीनिळी. घरात गरम पाण्याची रबरी पिशवी होती, ती फुटली होती. मी तिचं लाल रबर कापलं आणि पाय ठेवायच्या त्या दांड्यावर गुंडाळून शिवून टाकलं. नायलॉनच्या दोऱ्याने, चपला शिवतात त्या. तो हसला मला. म्हणाला, आई, गाडीला मोजा घातलास."

सकाळी हे एकटेच वेल्डरच्या शेडमध्ये गेले. मी म्हटलं, येऊ का? नको म्हणाले.

परत आले तेव्हा काकू यंत्रापाशी बसल्या होत्या. यंत्र चालू नव्हतं.

हे त्यांच्यासमोर जमिनीवर बसले. एवढ्या वर्षांत शेकडो गाड्या ओळखून दिल्या असतील ह्यांनी. असा चेहरा मी कधी पाहिला नव्हता.

"काकू, ती त्याचीच गाडी आहे."

काकू यंत्राच्या चाकावर हात फिरवत राहिल्या.

"टाका सुटलाय का?"

"नाही. एकही नाही."

"पाणी खोल होतं का तिथे?"

"हो."

"त्याला पोहता येत नव्हतं," काकू म्हणाल्या.

बस. एवढंच.

लेकीने पोलिसांत कळवलं. त्यांनी माणसं लावून आसपासचा चिखल उपसून पाहिला. काही मिळालं नाही. तीस वर्षांनी काय मिळणार? काकूंनी फक्त एक मागणं केलं. गाडी घरी आणा. वेल्डर भला माणूस, त्याने टेम्पो काढला, स्वतः हात लावला. गाडी फाटकातून आत आली आणि व्हरांड्यासमोर, भिंतीला टेकवून उभी राहिली. तीस वर्षांनी उभी.

त्या संध्याकाळी आम्ही सगळे व्हरांड्यात होतो. काकूंनी फाटक आधीच उघडून ठेवलं होतं.

दिवे लागले.

आणि...

धप्... धप्... धप्...

मी ह्यांचा हात धरला. आवाज चढ चढून वर आला. वळण. गिअर. आता फाटक, आता तुटेल...

तुटला नाही.

फाटकातून आत आला. अंगणातल्या खडीवरून चाक फिरल्याची करकर मी ऐकली. आमच्या समोर, दोन हातांवर. खडीचा एक दगडही हलला नाही. आवाज भिंतीशी गेला, त्या गंजक्या सांगाड्यापाशी. क्षणभर तिथेच घुमला. मग ठोके लांबत गेले, एक... आणखी एक... आणि माणसाने किल्ली फिरवावी तसा नीट, शांतपणे थांबला.

काकूंनी विचारलं, "आलास?"

अगदी रोजच्या आवाजात. कामावरून आलेल्या मुलाला विचारावं तशा.

मग त्या उठल्या, गाडीजवळ गेल्या आणि किकवरच्या त्या रबरावर हात ठेवून उभ्या राहिल्या. बराच वेळ. आम्ही आत निघून आलो.

नंतर ह्यांनी इंजिनाला तळवा लावून पाहिला. मला सांगितलं नाही, मीच खिडकीतून पाहिलं. हात झटकन मागे घेतला.

"काय झालं?"

"गरम आहे," हे म्हणाले.

दुसऱ्या संध्याकाळी आवाज आला नाही. तिसऱ्याही नाही. आम्ही घरी परतलो. मला वाटलं, संपलं. असंच संपायला हवं. तुम्हालाही वाटलं असेल.

लेकीचे फोन यायचे. आई शांत झोपते म्हणायची. आता दिवेलागणीलाही फोन उचलते म्हणायची. तिने आईला आपल्याकडे न्यायचं ठरवलं होतं. काकू हो म्हणाल्या होत्या.

पावसाळा सरता सरता काकूंचा स्वतःचा फोन आला.

"तुम्ही दोघं येऊन जा. फाटकाशी कुणीतरी येतं."

"तो परत यायला लागला का, काकू?"

"तो नाही. तो आलाय, तो घरात आहे. हे दुसरं कुणीतरी आहे."

आम्ही गेलो. लेक आधीच आलेली होती. डोळे सुजलेले. "आई आता यायचं नाही म्हणते माझ्याकडे," एवढंच म्हणाली.

काकूंनी सांगितलं ते असं. गाडी येत नाही. चाहूलही नाही. फक्त दिवे लागले की फाटकाची कडी हलते. एकदाच. आत येऊ का म्हणून विचारावं तशी. उघडलं तर कुणी नसतं. पण कुणीतरी उभं असतं.

"तुम्हाला कसं कळतं?"

"ओलं असतं गं तिथे. फाटकाबाहेर. पाऊस नसला तरी."

हे गाडीकडे गेले. इतके महिने ती तशीच उभी होती. काकूंनी कुणाला धुऊ दिली नव्हती. हे म्हणाले, मी धुतो. काकूंनी या वेळी परवानगी दिली.

ह्यांनी पाण्याची नळी लावली. पुढून सुरुवात केली. चिखलाचे पापुद्रे निघून पडत होते. मी बाजूला उभी होते. मागच्या चाकाशी आल्यावर ह्यांनी नळी बाजूला केली. वाकले. बोटांनी उरलेला चिखल खरवडला. मग पलीकडे जाऊन तिथेही खरवडला.

पाणी नुसतंच वाहत राहिलं.

"काय आहे?" मी विचारलं.

"मागे बसणाऱ्याचे फूटरेस्ट."

"मग?"

"मागे कुणी नसलं की हे दुमडलेले असतात. वर. बसणाऱ्याने पायाने खाली पाडायचे असतात." ह्यांनी बोट दाखवलं. "हे दोन्ही खाली आहेत. तसेच गंजलेत."

मला कळायला वेळ लागला.

मग कळलं.

त्या दिवशी तो एकटा नव्हता.

लेकीने खूप शोध घेतला. पोलिसांना विचारलं, वर्कशॉपमधल्या म्हाताऱ्या झालेल्या कामगारांना विचारलं, आसपासच्या वस्त्यांमध्ये फिरली. त्या सुमारास आणखी कुणी हरवलं होतं का? मुलगा, मुलगी, बाई, म्हातारा... कुणीही.

कुणीही नाही.

म्हणजे हरवल्याचं कुणी सांगितलंच नव्हतं. वाटेत हात दाखवला असेल कुणी. "जरा पुढे सोडता का?" म्हणालं असेल. तो मुलगा तसा होता म्हणतात, रिकामी सीट घेऊन जायचा नाही. त्याने पाय खाली सोडायला सांगितलं असेल, घट्ट धरून बस म्हटलं असेल.

आणि ते माणूस परत आलं नाही म्हणून कुठल्याच घरात कुणी जागं राहिलं नाही.

त्या संध्याकाळी मी ती कडी ऐकली. ह्यांनीही ऐकली.

किण्.

एकदाच. हलकेच. काकू उठल्या, गेल्या, फाटक उघडलं. मी धीर करून त्यांच्या मागे जाऊन उभी राहिले. बाहेर डांबरावर दोन पावलांएवढी जागा ओली होती. बाकी रस्ता कोरडा ठणठणीत.

"ये बाळ," काकू म्हणाल्या. "आत ये."

काहीच झालं नाही. जरा वेळाने ती ओल सुकत गेली.

"येत नाही आत," काकू मला म्हणाल्या. "घर आपलं नाही ना त्याचं. लाजतं."

"काकू, मुलगा आहे की मुलगी?"

"कळत नाही गं. पण दमलेलं आहे."

"नाव विचारलंत का?"

"एकदा विचारलं." काकूंनी फाटक अर्धवट लोटलं, पूर्ण लावलं नाही. "नको विचारूस. नाव विचारलं की रडतं."

काकू अजून तिथेच आहेत. लेक आता तिचं घर बंद करून आईकडे राहायला आली आहे. तिला अजूनही काही ऐकू येत नाही. पण दिवेलागणीला कधी आईचे गुडघे दुखत असले, तर तीच उठून फाटक उघडते आणि थोडा वेळ तिथे उभी राहते.

आमचे हे अजून गाड्या ओळखतात. पण कुणी फोटो पाठवला की आधी इंजिन बघत नाहीत, टाकी बघत नाहीत. फोटो मोठा करून मागच्या चाकाच्या वरची जागा बघत बसतात. मी विचारत नाही.

मी मात्र संध्याकाळी रस्त्याने जाताना लोकांच्या फाटकांकडे बघते. उभ्या असलेल्या माणसांकडे. त्यांतलं कोण कुणाची वाट पाहतंय, कोण नुसतंच उभं आहे, ते मला ओळखता येत नाही.